डेल्मरची साक्ष

त्या साली हिवाळा तोंडावर आला तरी सॉर्वुडच्या खोऱ्यात धुकं उतरेना. तंबाखू कापून, काठ्यांवर ओवून कोठारात वाशांना टांगलेली होती. पानं वाळून तांबूस झाली होती, पण हवेत ओल असल्याशिवाय ती खाली घेता येत नाहीत. कोरड्या दिवशी हात लावला की पापडासारखी चुरतात. हॉबर्ट स्टिडम रोज सकाळी कोठाराचं दार उघडायचा, खालच्या काठीचं एक पान दोन बोटांत धरायचा. त्याचा भुगा व्हायचा. तो भुगा पँटला पुसत तो घरात यायचा आणि चुलीपुढे बसलेली बायको, व्हेस्टा, त्याच्या चालण्यावरूनच ओळखायची.

“नाही ना?”

“नाही.”

“मग मका तरी सोलून घ्या. नुसतं आभाळाकडे बघून काय होतंय?”

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात माणसं ओल्या हवेची वाट बघायची तशीच देवाच्या कृपेचीही बघायची. दोन्ही मागून मिळत नाहीत, हे सॉर्वुडच्या ख्रिस्ती मंडळीत लहानपणापासून कानावर पडायचं. कृपा झाली की ज्याची त्याला कळते. मग त्यानं एखाद्या शनिवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची: कुठं होतो, काय झालं, मनावरचं ओझं कसं उतरलं. मंडळीनं ऐकायचं, पटलं तर हात वर करायचे, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात बाप्तिस्मा. साक्ष नाही तर बाप्तिस्मा नाही. माणूस कितीही सरळ असो, त्याची जागा मागच्या बाकावर.

हॉबर्टला कृपा झाली तेव्हा तो जेमतेम मिसरूड फुटलेला होता. चढावर नांगर धरलेला, खेचर अचानक थांबलं, आणि छातीवरून धोंडा काढून घ्यावा तसं झालं. ती साक्ष त्यानं पुढं इतक्यांदा सांगितली होती की खोऱ्यातल्या पोरांनाही ती पाठ होती. बोलायला लागला की बायका डोळे पुसायच्या. वसंतात म्हातारे पाळक एझ्रा वारले, तेव्हापासून मंडळीत तोच बोलायचा. पण त्याला पाळकाची दीक्षा नव्हती. दीक्षा नाही म्हणून प्रार्थनाघरातल्या ओट्यावर चढायचं नाही, खाली जमिनीवर उभं राहून बोलायचं. बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजनाची भाकर मोडायची नाही. त्यासाठी डोंगरापलीकडून पाळक किल्गोर यायचे, जमेल तेव्हा, आणि आल्यावर उपकार केल्यासारखे वागायचे.

ऑक्टोबराच्या अखेरीस खोऱ्यातली एक म्हातारी गेली. तिच्या मातीला हॉबर्ट बोलला. असा बोलला की तिचा दारुडा मुलगासुद्धा टोपी तोंडावर धरून हुंदके द्यायला लागला. तेवढ्यात किल्गोर आले, उशिरा, बुटांवर धूळ घेऊन. सरळ ओट्यावर चढले आणि म्हणाले, “बंधू हॉबर्टनं अंगण झाडून ठेवलंय. आता आपण कामाला लागू.”

लोक हसले. मयताच्या घरात हसावं तसं, हळूच, पण हसले. हॉबर्टही हसला. त्याचे कान मात्र गरम झाले.

नंतर कुंपणापाशी किल्गोर आणि टोलिव्हर त्याच्याजवळ आले. टोलिव्हर मंडळीचा कारभारी, खोऱ्यातली सपाट जमीन त्याची. हॉबर्टचा मुलगा डेल्मर चार हातांवर ट्रकच्या मागच्या फळीला दोर बांधत होता.

“ठरलं,” टोलिव्हर म्हणाला. “डिसेंबरात परीक्षा. हे येतील, आणखी दोघे पाळक येतील. तिघांनी तुला तपासायचं, समाधान झालं तर डोक्यावर हात ठेवून दीक्षा द्यायची. नाहीतर नव्या वर्षात प्रार्थनाघराला कुलूप. आपण सगळे डोंगर चढून यांच्याकडे.”

“म्हातारी माणसं डोंगर कशी चढतील?” हॉबर्ट म्हणाला.

“म्हणून तर तू.”

किल्गोरनी दाताखालची काडी काढली. “तुझ्या शास्त्राबद्दल मला शंका नाही. पण पाळकाची मुलं विश्वासातली पाहिजेत, हे काही माझं म्हणणं नाही, लिहिलेलंच आहे. मागल्या साली पलीकडे एकाला आम्ही परत पाठवलं. मुलगी नाचायला जायची.”

“माझा मुलगा दारूला शिवत नाही.”

“शिवत नसेल. पण बाप्तिस्मा?”

टोलिव्हरनं डेल्मरकडे न बघता, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “दुसऱ्यांची पोरं पाण्यात उतरवायची आणि आपलं काठावर कोरडं ठेवायचं, कसं दिसेल ते?”

डेल्मरनं दोराची गाठ सोडली आणि परत बांधली.

तो एकोणीस वर्षांचा होता, बापापेक्षा उंच, कमी बोलणारा. दर रविवारी मागच्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा, शेवटपर्यंत. काम असं करायचा की शेजारी त्याला मागून न्यायचे. घरी येताना ट्रकमध्ये हॉबर्टनं विषय काढला नाही. दोन दिवसांनी मका सोलताना काढला.

“तुला कधीच काही झालं नाही का रे?”

“नाही, बाबा.”

“काहीच नाही? मन जड होतं, कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं…”

“जड होतं. हलकं नाही होत.” डेल्मरनं कणीस टोपलीत टाकलं. “तुम्हाला माहीत नाही, गेले दोन हिवाळे मी वर डोंगरात, बीच म्हणतात त्या झाडांत जाऊन बसलोय. गुडघे बर्फात. आईला सांगायचो, खारी मारायला जातो. काही आलं नाही. खारीसुद्धा नाही.”

हॉबर्टला हे ठाऊक नव्हतं. बापानं अशा वेळी पोराच्या पाठीवर हात ठेवावा. त्याच्या हातात कणीस होतं, आणि डोक्यात डिसेंबर होता.

“मागणाऱ्याचं मन स्वच्छ नसलं तर येत नाही,” तो म्हणाला.

डेल्मरनं वर बघितलं नाही. सोलायचं थांबवलंही नाही.

त्यानंतर हॉबर्ट त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागला. कुंपणाचे खांब रोवायला कडक जमिनीत त्याला एकट्याला लावायचा. जेवायच्या आधीच्या प्रार्थनेत रोज एक वाक्य जास्त यायचं, “या घरात जो अजून बाहेर उभा आहे त्याला आत आण.” डेल्मर मान खाली घालून पूर्ण आमेन म्हणायचा आणि बीन्सचं भांडं पुढं सरकवायचा. एकदा व्हेस्टा म्हणाली, “देवाशी बोलताय की त्याच्याशी? त्याच्याशी बोलायचं असेल तर तो समोरच बसलाय.” हॉबर्टनं भाकरी ताकात कुस्करली. अंथरुणाला पाठ टेकल्यावर तो स्वतःला सांगायचा, मी काही खोटं बोल म्हणालो नाही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी किल्गोर आले. उपदेश झाला, गाणं झालं, आणि रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, “मंडळीचं दार उघडं आहे. कुणाला काही सांगायचंय?”

मागच्या बाकाचं लाकूड करकरलं. डेल्मर उठला. मधल्या वाटेनं पुढं आला, शेगडीपाशी थांबला. टोपी त्याच्या हातात पिळवटलेली होती.

“सप्टेंबरात,” तो म्हणाला, आणि घसा साफ केला. “सप्टेंबरात तंबाखू टांगत होतो. मी सगळ्यात वरच्या वाशावर होतो. मनावर फार ओझं होतं. वाटलं, आता पाय निसटणार आणि मी थेट खाली जाणार, कोठाराच्याच नाही, त्याच्याही खाली. तेव्हा फटींतून ऊन आलं. आणि छातीवरून कुणी धोंडा काढून घ्यावा तसं झालं. पानं सगळी सोन्यासारखी दिसायला लागली. मला सगळ्यांवर प्रेम करावंसं वाटलं.”

बायकांच्या बाजूनं पहिला हुंदका आला तो व्हेस्टाचा. ती उभी राहिली, दोन्ही हात पसरले, आणि मोठ्यानं रडत देवाचे आभार मानायला लागली. तिच्यामागे बाकीच्या. टोलिव्हरचे डोळेसुद्धा पाणावले.

हॉबर्ट बसून राहिला. वरच्या वाशावर डेल्मर होता हे खरं; त्याच्या पायाखालच्या वाशावर तो स्वतः होता. दिवसभर, एकेक काठी वर देत. आभाळ ढगाळलेलं होतं, फटींतून ऊन कसलं यायला. ओल्या पानांच्या चिकानं पोराला मळमळत होतं, एकदा त्यानं वरूनच ओकारी काढली आणि “सांभाळा, बाबा” म्हणाला होता. त्यावर दोघं हसले होते. आणि धोंडा काढून घेण्याचे शब्द हॉबर्टचे होते, त्याच क्रमानं, त्याच श्वासानं.

“कुणाची हरकत? नसेल तर हात वर करा,” किल्गोर म्हणाले.

हरकत घ्यायला एकच माणूस होता. त्यानं इतरांबरोबर हात वर केला.

मग सगळे ओळीनं येऊन डेल्मरचा हात धरू लागले. हॉबर्टची पाळी आली, त्यानंही हात धरला. डेल्मरनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, काही मागत असल्यासारखं. बाप नाही म्हणाला असता तर बहुतेक तो सुटला असता.

“बंधू,” हॉबर्ट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा होता. टोलिव्हरनं काठीनं तो फोडला. किल्गोर कमरेएवढ्या पाण्यात आधीच कुडकुडत होते, म्हणून शब्द भराभर उरकले आणि डेल्मरला मागं वाकवून बुडवलं. तो वर आला तेव्हा ओठ निळे, दात एकमेकांवर आपटत. काठावर गाणं चाललं होतं. व्हेस्टानं गोधडीत त्याला गुंडाळलं, लहानपणी गुंडाळायची तसं, आणि केस पुसता पुसता विचारलं, “बरं वाटतंय ना रे?”

“गार वाटतंय, आई.”

ती हसली. इतकी खूश तिला हॉबर्टनं किती वर्षांत बघितलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी प्रार्थनाघर भरून गेलं. परक्या मंडळ्यांचीही माणसं आली होती. बायकांनी कोंबड्या, बीन्स, वाळल्या सफरचंदांचे थरावर थर दिलेले केक आणून मागच्या टेबलावर झाकून ठेवले होते आणि वासानं पोरं चुळबुळत होती. हॉबर्ट शेगडीपाशी एका खुर्चीवर, समोर तिघे पाळक. किल्गोरनी सुरुवात केली. तारण कर्मानं की कृपेनं? उपदेशकाला बोलावतो कोण, शाळा की देव? पगार घेणार का? हॉबर्टची उत्तरं तयार होती, स्वच्छ होती, आणि प्रत्येक उत्तराला मागून आमेन येत होतं. दुसऱ्या पाळकांनी बाप्तिस्म्याबद्दल विचारलं, दारूबद्दल विचारलं, बायकोला उभं करून विचारलं की तिची तयारी आहे का. व्हेस्टा म्हणाली, “पाहुण्यांना जेवायला घालायची तयारी आहे. बाकी हे बघतील.” लोक हसले.

“मुलं?” किल्गोरनी विचारलं.

हॉबर्टच्या आधी टोलिव्हरच उठला. “एकच मुलगा. गेल्या महिन्यात तुम्हीच पाण्यात घातलात.”

“मीच. आठवतंय, माझे गुडघे अजून दुखताहेत.”

परत हसू. तिसरे पाळक बेंटली अजूनपर्यंत काही बोलले नव्हते. वाळकुडे म्हातारे, कानामागे हात धरून ऐकणारे. आता ते पुढं सरकले.

“मला एकच विचारायचंय. उद्या तुझ्यासमोर कुणी येऊन साक्ष देईल. सगळे रडतील. आणि तुला ठाऊक असेल की ती खोटी आहे. तू काय करशील?”

शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. डेल्मर आता पुढच्या बाकांवर बसायचा, बाप्तिस्मा झालेल्यांत. हॉबर्टनं त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण त्याचे बूट दिसत होते.

“थांबवीन,” हॉबर्ट म्हणाला. “मंडळीला सांगेन.”

“सगळे रडत असताना?”

“हो.”

“आपल्याच घरचं कुणी असलं तर?”

“तरीही.”

“आमेन,” टोलिव्हर म्हणाला, आणि मागून सगळं प्रार्थनाघर आमेन म्हणालं.

बेंटली थोडा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली. “हेच एक महत्त्वाचं. बाकीचं शिकता येतं.”

हॉबर्ट गुडघ्यांवर बसला. सहा हात त्याच्या डोक्यावर आले. किल्गोरचे जड होते, मान खाली दाबणारे. बेंटलींचे थरथरत होते. प्रार्थना लांबली. हॉबर्ट वाट बघत होता की काहीतरी वाटेल. डोक्याचं कातडं गरम झालं, एवढंच.

त्यानंतर आठवड्यातच धुकं उतरलं. रात्रीतून पान असं सादळलं की चामड्यासारखं वाकायला लागलं. तिघंही कोठारात कामाला लागले; काठ्या खाली, देठावरून पानं सोलायची, वेगळी लावायची, जुड्या बांधायच्या. बोटं काळी, नाकात धूळ. व्हेस्टा स्वयंपाकाला गेल्यावर डेल्मर म्हणाला, “एवढं संपलं की मी ओहायोला जातो. शेजारच्या पर्किन्सचा भाऊ तिथं टायरच्या कारखान्यात आहे, तो घेईल मला.”

“वसंतात नांगराला कोण?”

“कुणीतरी ठेवा.”

हॉबर्टनं जुडी बांधली. फार आवळली, पान फाटलं. “मी तुला तसं करायला सांगितलं नव्हतं.”

“नाही सांगितलं.”

“मग का केलंस?”

“रोज जेवताना देवाला माझं नाव सांगत होता. म्हटलं, निदान त्याचे कान तरी सुटू देत.” डेल्मर हसला, आणि मग हसू गेलं. “मला वाटलं तुम्ही थांबवाल. खाली तुम्हीच होता ना त्या दिवशी. मी मुद्दाम तोच दिवस घेतला.”

हॉबर्टनं फाटलेलं पान बाजूला काढलं.

“त्याचंही नाही काही. पण बाबा, उद्या खरंच झालं मला, ओहायोत, कुठं रस्त्यात, तर मी कुणाला सांगू? सांगायचं ते सगळं मी वापरून टाकलं. आता खरं आलं तरी मला तेच शब्द आठवणार. मलाच कळणार नाही ते आलं की मी पाठ म्हणतोय.”

“मी मंडळीत उभा राहून सांगतो,” हॉबर्ट म्हणाला. “रविवारी सांगतो.”

डेल्मरच्या हातातलं देठ थांबलं. त्यानं बापाकडे बघितलं, परत त्याच नजरेनं. “सांगाल?”

बाहेर व्हेस्टानं जेवायला हाक मारली. हॉबर्टनं पँटला हात पुसले, परत पुसले. “हात धुऊन घे,” तो म्हणाला.

रविवारी तो ओट्यावर चढला, पहिल्यांदा, आणि क्षमेवर बोलला. लोक म्हणाले, असं बोलणं खोऱ्यानं ऐकलं नव्हतं. त्याच आठवड्यात डेल्मर टोलिव्हरच्या ट्रकमध्ये बसून बसच्या नाक्याला गेला. आईनं दिलेली मक्याची भाकरी आणि डुकराच्या मांसाचा तुकडा फडक्यात होता. बापाशी त्यानं हात मिळवला.

बरेच दिवस गेले. एकदा भांडी घासताना व्हेस्टा पाठमोरीच म्हणाली, “डेल्मर जाताना मला सांगून गेला. तुम्हाला साक्षीच्या दिवशीच कळलं होतं, ना?”

हॉबर्टनं बुटाची नाडी सोडायला घेतली.

“मला नव्हतं कळलं,” ती म्हणाली. “मी खरंच रडले हो.”

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्यानं ओट्यावरून विचारलं, “मंडळीचं दार उघडं आहे. कुणाला काही सांगायचंय?” टोलिव्हरच्या गड्याची बायको उठली, रूबी नावाची. विशीतली, अंगानं बारीक. शरदात तिचं तान्हं पोर गेलं होतं. ती पुढं शेगडीपाशी आली.

“मला नीट सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “मंगळवारी मी कपडे धूत होते. चादर पिळत होते. ओली चादर एकटीला पिळता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याबरोबर कुणी नसतं. मी रडत होते, चादरीसाठीच म्हणा ना. आणि मला वाटलं, दुसरं टोक कुणीतरी धरलंय. एवढंच. मग मी पिळली.”

 सगळ्यांनी ओट्याकडे बघितलं.

“मनावर ओझं होतं?” हॉबर्टनं विचारलं.

“होतं असेल.”

“ते उतरलं?”

“ते… तसं नाही सांगता येणार. पोराची आठवण येतेच अजून.”

“उजेड काही दिसला?”

“नाही.”

“तू एकटीच होतीस. तुला बघणारं कुणी?”

“कुणी नव्हतं.”

“मग कुणीतरी होतं हे कशावरून?”

  रूबीनं आपल्या हातांकडे बघितलं, लाल, भेगाळलेले, आणि ते पदरात घ्यावेत तसे एप्रनमध्ये गुंडाळले. हॉबर्ट वाट बघत होता. ती खोटं बोलत असावी असं त्याला वाटत नव्हतं. खरं बोलत असावी असंही वाटत नव्हतं. आतून काहीच उठत नव्हतं, ना इकडे ना तिकडे, आणि समोरची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“बहिणी, अजून वाट बघ,” तो म्हणाला. “घाई बरी नाही.”

ती वळली. चालताना तिचा खांदा एका बाकाला लागला. टोलिव्हर शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, “बघितलंस? कसून तपासतो. एझ्रांच्या वेळी कुणीही आत यायचं.”

तेव्हा बायकांच्या बाजूला व्हेस्टानं हात वर केला. मत मागितलेलं नव्हतं. ती जागची उठली नाही. नुसता हात, कोपरात सरळ, पालथ्या बोटांवर तंबाखूचे अजून न गेलेले काळे डाग.

हॉबर्टनं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्यानं शेवटचं गाणं सांगितलं. लोक उभे राहिले, सूर लागला. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी तो हात तसाच वर होता.